वेटिंग रूममधली आत्या

आमच्या वसाहतीतल्या निम्म्या मुलींची लग्नं खडकी स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये ठरली. हे मी ऑफिसातल्या मुलामुलींना सांगते तेव्हा त्यांना वाटतं, मॅडम थापा मारतायत. थापाच मारायच्या असत्या तर एखादा राजवाडा निवडला नसता का, असं मी त्यांना विचारते. मग घरी जाताना मनात येतं, की राजवाडा तरी त्या स्टेशनाहून वेगळा काय असतो?

वसाहत होती संरक्षण खात्याच्या कारखान्यातल्या कामगारांची. ओळीने दोन-दोन खोल्यांची घरं आणि सगळ्यांना मिळून एकच फाटक. फाटकावर पहारा. बाहेरचं माणूस आत यायचं म्हणजे नाव, गाव, कोणाकडे, कशासाठी, सगळं सांगायचं आणि वर पिशवी उघडून दाखवायची. आता मुलगी बघायला आलेल्यांना चारचौघांत 'कशासाठी' विचारलं तर ते काय सांगणार? शेजारच्या ओळीत एकदा मुलाचे मामा आले, तर पहारेकऱ्याने त्यांचा अडकित्ता काढून ठेवून घेतला. मामांना ते इतकं लागलं, की ते सुपारीवाचून बसले, चहावाचून उठले, आणि जमत आलेलं लग्न अडकित्त्यापायी मोडलं. तेव्हापासून वसाहत शहाणी झाली. पाहुणे लोकलनेच येणार, तर बघण्याचा कार्यक्रम स्टेशनातच उरकून टाकायचा. पसंती झाली तर पुढच्या खेपेला घरी न्यायचं, नाही झाली तर परतीची गाडी समोरच येते. ओळीतल्या बायकांची खिडकीतून डोकावायची सोय बंद झाली, आणि नकार आलाच तर तोही फाटकाच्या बाहेरच राहू लागला.

आणि जागा काय होती! काळ्या दगडाच्या हातभर जाड भिंती, वर उतरतं कौलारू छप्पर, फलाटाच्या बाजूला छपराला लाकडी झालर. वैशाखात बाहेर पापड भाजून निघतील असं ऊन असलं तरी वेटिंग रूममध्ये पाऊल टाकलं की माठाशेजारी उभं राहिल्यासारखं वाटायचं. छत इतकं उंच, की पंख्याचा दांडाच माणसाहून लांब. मध्ये सागवानी गोल टेबल आणि कडेने रुंद हातांच्या, वेताने विणलेल्या खुर्च्या. साहेबाच्या काळातल्या त्या. साहेबाने पाय पसरून बसावं आणि आमच्यापैकी कोणीतरी त्याला वारा घालावा, याच हिशोबाने ते सगळं बांधलेलं होतं, हे काय आम्हाला कळत नव्हतं? पण दगड बसवणारे हात इथल्याच गवंड्यांचे असणार. मेल गाडी न थांबता धडधडत गेली तरी टेबलावरच्या कपातला चहा हिंदकळायचा नाही. मी लहानपणी कप भरून, नाक लावून तपासून पाहिलं आहे.

बाबांचा त्या खुर्च्यांवर जीव होता. बाबा भंडाऱ्याकडच्या खेड्यातले. पोरवयात त्यांना पाटलाच्या ओट्यावर चढायची मुभा नव्हती, खाली चपला काढतात तिथे उभं राहायचं. आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला, गावकीची कामं टाकून दिली आणि मुलाला शाळेत घातलं. तो मुलगा पुढे कारखान्यातल्या भरतीसाठी खडकीला उतरला. वेळ बरीच होती, म्हणून भीत भीत वेटिंग रूममध्ये शिरला आणि एका खुर्चीच्या कडेवर टेकला. थोड्या वेळाने तपासनीस आले. त्यांनी तिकीट पाहिलं, परत दिलं आणि म्हणाले, "नीट बसा की." एवढंच. पण ते 'नीट बसा की' बाबांनी आम्हाला किती वेळा सांगितलं असेल! सांगताना दर वेळी ते खुर्चीत मागे रेलून दाखवायचे. आम्ही हसायचो.

तेव्हापासून बाबांचा एक नेमच होता. स्टेशनात पाय ठेवायचा तर आधी प्लॅटफॉर्म तिकीट काढायचं. स्टेशनातली माणसं ओळखीची झाली होती, ती म्हणायची, "अहो, तुम्हाला कशाला तिकीट?" बाबा म्हणायचे, "असू द्या. तिकीट असलं म्हंजे कोनाले उठवता येत नाई." बाबांचं बोलणं इतक्या वर्षांनीही वऱ्हाडाच्या पलीकडचंच राहिलं होतं. पुण्यात ते ऐकून लोक हसायचे, तर बाबा म्हणायचे, हसू दे, फुकट तर करमणूक होते त्यांची.

बाबांची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ते कधीही धावायचे नाहीत. त्यांचं काम दारू भरायच्या विभागात, म्हणजे स्फोटकांच्या. तिथे धावायला सक्त मनाई. खिशात काडेपेटी नाही, अंगावर धातू नाही, आणि चालायचं ते बेताने. कारखान्यातली ती चाल त्यांच्या पायांत इतकी मुरली होती, की लोकल सुटायला लागली तरी ते तसेच, देवघरातून समई नेत असल्यासारखे चालायचे. गाडी गेली तर म्हणायचे, दुसरी येते.

रविवारी बाबा आम्हाला स्टेशनात न्यायचे. मुलांना पर्वतीवर, सारसबागेत नेतात, आम्ही स्टेशनात. वेटिंग रूमच्या भिंतीपलीकडे पार्सल ऑफिस होतं आणि तिथे मला सर्वांत आवडायची ती कोंबडीच्या पिल्लांची खोकी. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची खोकी, आतून नुसता चिवचिवाट. ती उतरली रे उतरली, की पार्सलबाबू पोल्ट्रीवाल्याच्या हवाली करायचे. रजिस्टरात नोंद मागाहून, कागद पुढच्या गाडीने आले की. मी एकदा विचारलं होतं, आधी लिहीत का नाही? ते म्हणाले होते, "कागद थांबतो गं, पिल्लू थांबत नाही." हे मी सांगते आहे, कारण पुढे त्याच पिल्लांनी माझं भलं केलं.

मी मोठी झाले, बी. एस्सी. झाले. देशाची दारं उघडली असं तेव्हा पेपरात रोज यायचं. त्या उघड्या दारांतून आमच्या खडकी बाजारात आल्या तीन गोष्टी: एसटीडी बूथ, केबलवाला आणि कॉम्प्युटरचा क्लास. क्लास बूथच्या वरच होता. मशिनच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, आत गार हवा, बोलायचं तेही हळू आवाजात. आईला वाटायचं मी कुठल्याशा मठात जाते. पण मला त्या खोलीत जे सुख मिळालं ते कुठे मिळालं नव्हतं. मशिनला आपण नीट सांगितलं तर ते नीट करतं, आणि आपण कोण, कुठले, हे विचारत नाही. मी ठरवलं, हेच काम करायचं.

ठरवून काय होतं? जिथे जिथे मुलाखतीला गेले तिथे इंग्रजीत स्वतःविषयी बोलायला सांगायचे. माझं इंग्रजी पुस्तकात पक्कं आणि तोंडात कच्चं. मी अडखळले, की समोरचा माणूस घड्याळ बघायचा आणि म्हणायचा, कळवू. त्यांपैकी एकानेही आजवर कळवलेलं नाही.

बाबांकडे मी एक वर्ष मागून घेतलं होतं. ते सरलं. नातेवाईक रोज उठून लग्नाचं विचारत होते. एका संध्याकाळी बाबा म्हणाले, "एक वर्ष मांगतलं, देल्लं. आता माहं आयक." त्यांच्या आवाजात जरब असती तर मी भांडले असते. पण त्यात विनवणीच जास्त होती, आणि तिच्यापुढे माझं काही चालेना. मी शब्द दिला, की यापुढे जे स्थळ येईल त्यांनी हो म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही. स्थळ आलं ते तळेगावचं. मुलगा सरकारी कचेरीत कायम, घर स्वतःचं, माणसं आपल्यातली. एकच गोष्ट त्यांनी आधी कळवून ठेवली होती, की सुनेने नोकरी केलेली त्यांच्याकडे चालणार नाही. म्हणजे त्या रविवारी मी पसंत पडले असते, तर मशिनची ती गार खोली कायमची मिटली असती. मुली पसंत पडावं म्हणून आरशासमोर तयारी करतात, मी नापसंत पडायची करत होते. चेहरा मठ्ठ कसा दिसतो ते बघून ठेवलं. आई म्हणाली, "पोटात दुखतंय का गं?"

मुलाकडच्यांना द्यायला म्हणून बाजारातल्या स्टुडिओत माझा फोटो काढून घेतला होता. पोस्टकार्डाएवढा. मागे पडद्यावर रंगवलेला बगीचा, शेजारी स्टुलावर प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी आणि कुंडीला टेकून, कुंडीच्याच जातीची दिसणारी मी. तो वर्तमानपत्रात गुंडाळून बाबांनी खिशात ठेवला.

मध्यस्थी करणारे काका बाबांच्याच विभागातले. ते सकाळीच तळेगावला गेले होते आणि मंडळींना घेऊन लोकलने येणार होते. फक्त मुलाची आत्या तेवढी पुण्यात राहते, ती परस्पर स्टेशनात येईल, असा त्यांचा निरोप होता. शिकलेली आहे, चष्मा आहे, फार बोलत नाही, एवढी तिची ओळख. आमच्यापैकी तिला कोणी पाहिलेलं नव्हतं.

आम्ही तिघं वेळेआधीच पोहोचलो. तीन प्लॅटफॉर्म तिकिटं, डबाभर पोहे, किटलीत चहा. वेटिंग रूममध्ये एक बाई आधीच बसल्या होत्या. सुती साडी, चष्मा, मांडीवर वर्तमानपत्रात बांधलेला, रबर लावलेला एक चौकोनी डबा. आईने मला कोपराने ढोसलं. डबा म्हणजे मिठाई, मिठाई म्हणजे आत्या.

बाबा पुढे झाले. "जय भीम. आपण पुण्याहून आल्या ना?"

"नमस्कार. हो. का?"

"नाई, म्हटलं, एकट्याच?"

"आणखी कोणी यायला हवं होतं का?"

बाबा वरमले. शहरात राहून माणूस असं तोडून बोलायला लागतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली असावी. "बसा, बसा," ते म्हणाले, "लोकल येतेच आहे आता."

"तिकिटाच्या खिडकीवर मलाही हेच सांगितलंय," बाई म्हणाल्या. "अर्ध्या तासापासून ती येतेच आहे."

आईने बशी भरून पोहे पुढे केले. बाईंनी पोह्यांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "मी काही मागवलं नव्हतं."

"मागवायचं काय त्यात," आई म्हणाली. "तुमचंच आहे सगळं."

"रेल्वेने हे कधीपासून सुरू केलं?" असं छताकडे बघत म्हणून बाईंनी बशी घेतली. भूक लागली असावी, कारण पहिला घास घेतल्यावर त्यांच्या कपाळावरची आठी गेली. बाबा फलाटावर जाऊन उभे राहिले. आई दारापाशी, एक डोळा माझ्यावर ठेवून. मी समोरच्या खुर्चीत, ठरल्याप्रमाणे मठ्ठ चेहऱ्याने.

"तुम्ही कुठे निघालात?" बाईंनी मला विचारलं.

बघायला आलेल्या बाईने असा प्रश्न विचारल्याचं मी ऐकलं नव्हतं. "अजून ठरलं नाही," मी म्हणाले.

"तिकीट कुठलं काढलंय मग?"

"प्लॅटफॉर्मचं."

"उत्तम. म्हणजे कुठेच न जाण्याचं." त्या किंचित हसल्या. "काय शिकलात?"

मी सांगितलं. कॉम्प्युटरचा क्लास म्हटल्यावर त्यांनी चमचा बशीत ठेवला. काय काय शिकवलं, स्वतः कुठला प्रोग्रॅम लिहिला का, असं विचारू लागल्या. मी उत्तरं देत गेले आणि माझा मठ्ठ चेहरा कधी गळून पडला ते मला कळलं नाही. आईला काही समजत नव्हतं, पण आत्या फार खोलात चौकशी करतात हे बघून ती खूश होती.

मग बाई म्हणाल्या, "एक सांगा. गोदामात उणे सात पंखे असू शकतात का?"

"उणे सात?"

"चिंचवडच्या एका कारखान्याच्या गोदामाचा हिशोब आम्ही मशिनवर घालून दिलाय. महिनाअखेरीला मशिन म्हणतं, शिल्लक उणे सात पंखे. प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासला, चूक सापडत नाही. आज त्यांच्याकडे शिव्या खायला निघाले होते, तर मोपेडही इथे खडकीत बंद पडली. ती गॅरेजात टाकली आणि आले लोकल पकडायला."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही आत्या नव्हती. हिचा तळेगावशी काही संबंध नव्हता. मी तेव्हाच तसं सांगायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण मी गप्प बसले. वर्षभर लोक मला स्वतःविषयी बोला म्हणत होते, आज पहिल्यांदा कोणीतरी मला कामाचं काही विचारत होतं. तो प्रश्न मी कशी सोडणार?

मी मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "या भिंतीपलीकडे पार्सल ऑफिस आहे. तिथे कोंबडीची पिल्लं येतात."

"पिल्लं," बाई म्हणाल्या, थंडपणे.

"ती आली की लगेच देऊन टाकतात. ताटकळत ठेवली तर मरतील. नोंद मागाहून, कागद पुढच्या गाडीने आले की. मधल्या वेळात कोणी रजिस्टर पाहिलं तर पिल्लं गेलेली दिसतील, पण आलेली दिसणारच नाहीत. म्हणजे उणे पिल्लं. तुमच्या पंख्यांचं तसंच असेल. घाईचं काम असेल तर माल फाटकातून थेट कामावर जात असेल आणि आल्याची पावती दोन दिवसांनी पोहोचत असेल. महिना मध्येच संपला, की सात पंखे लटकले. प्रोग्रॅम बरोबर आहे, पण त्यात तारीख एकच आहे. माल आला कधी आणि लिहिला कधी, या दोन तारखा वेगळ्या ठेवायला पाहिजेत."

उरलेले पोहे बाईंनी शांतपणे संपवले, बशी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "हं."

पुण्यात एवढ्या मोठ्या कौतुकाची मला सवय नव्हती.

तेवढ्यात पुण्याकडे जाणारी लोकल आमच्याच फलाटाला लागली. बाबा लगबगीने, म्हणजे त्यांच्या मानाने लगबगीने, पुढे गेले. दारातून मला दिसत होतं. मध्यस्थ काका उतरले, मागून मुलाचे आईवडील, मुलगा, आणि शेवटी चष्मा लावलेल्या एक ठेंगण्या बाई. काका म्हणाले, "ह्या आत्या. कालच तळेगावला आल्या होत्या, मग आमच्याबरोबरच निघाल्या." बाबांनी आत्यांना जय भीम केला आणि मान वळवून वेटिंग रूमकडे पाहिलं. त्यांचा तो चेहरा मी जन्मात विसरणार नाही.

सगळी मंडळी दारात आली. बाबा हळूच म्हणाले, "मंग ह्या कोन?"

"मलाही तेच विचारायचंय," बाई उठून म्हणाल्या. "मघापासून मी कोण होते?"

"मुलाची आत्या," मी म्हणाले.

बाईंनी रिकाम्या बशीकडे पाहिलं, माझ्या साडीकडे पाहिलं, दारातल्या पाच जणांकडे पाहिलं. तेवढ्यात लोणावळ्याकडची लोकल पलीकडच्या फलाटावर येत असल्याची घोषणा झाली. त्यांनी पर्स उघडून एक कार्ड काढलं आणि बशीला टेकवून उभं केलं.

"आत्या म्हणून विचाराल तर मुलगी मला पसंत आहे," त्या बाबांना म्हणाल्या. "पण मला ती घरात नको, ऑफिसात हवी. नारायण पेठेत आहे आमचं ऑफिस. तीन मशिनं आणि एक अंधारा जिना, फार मोठं काही समजू नका. उद्या दहाला पाठवा. आणि पोहे चांगले होते." एवढं बोलून, मंडळींना बाजूला व्हायला लावून, त्या पुलाकडे निघूनही गेल्या.

मग बाबांनी मुलाच्या वडिलांना विचारलं, अगदी नरमाईने, "लग्नानंतर पोरगी नोकरी करन तर चालन का तुमाले?"

"ते आम्ही आधीच कळवलंय," वडील म्हणाले. "मुलगा पर्मनंट आहे. सुनेला बाहेर पाठवायची पाळी आमच्यावर यायची नाही."

त्यांचं काही चुकत होतं असं नाही. आपलं चांगलं चाललंय हे सांगायची त्यांची ती रीत होती. बाबांनी मान डोलावली आणि माझ्याकडे वळले. त्यांनी माझा शब्द घेतला होता. तो आठवण करून द्यायला ते माझ्याकडे बघताहेत असं मला वाटलं.

"माय," बाबा म्हणाले, "शब्दाचं राहू दे. तुले काय पाह्यजे?"

मी बशीला टेकवलेलं ते कार्ड उचललं. म्हणाले, "मला उद्या नारायण पेठेत जायचंय."

कोणी काही म्हणायच्या आत आई ओरडली, "अगंबाई, त्यांची मिठाई राहिली!"

खुर्चीत तो रबर लावलेला डबा तसाच होता. मी म्हणाले, "आई, मिठाई नाही, फ्लॉप्या आहेत त्या, मशिनच्या, क्लासात असतात तसल्या. त्यांचं सगळं काम आहे त्यात." पलीकडे लोकल लागत होती. मी उठेपर्यंत बाबांनी डबा उचलला आणि ते धावले.

माझे बाबा धावले. स्फोटकांच्या कामात आयुष्य घालवलेला तो माणूस, धोतर असतं तर पायात अडकलं असतं अशा बेभान चालीने फलाटावरून सुटला, पुलाच्या पायऱ्या चढला, आणि आम्ही सगळे, मुलाकडचेसुद्धा, दारात गर्दी करून बघत राहिलो. पुलावर त्यांचा पांढरा सदरा इकडून तिकडे गेला. पलीकडे ते डब्यांच्या खिडक्यांतून डोकावत चालले, एका खिडकीशी थांबले, डबा आत दिला. काहीतरी बोलले. मग हात जोडले. लोकल निघून गेली आणि रिकाम्या फलाटावर बाबा एकटेच, कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभे राहिलेले दिसले.

परत आले ते मात्र त्यांच्या नेहमीच्या चालीने. "सांगून आलो," मला म्हणाले, "येते म्हणून."

पुढे त्या तीन मशिनांची तीस झाली, नारायण पेठेचा अंधारा जिना सुटला, हिंजवडीला काचेची इमारत आली. तिचं छत एवढं बुटकं, की मला कधीकधी त्या वेताच्या खुर्चीत जाऊन रेलावंसं वाटतं. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी अजून पाहुण्यांचं करायचं बाकी होतं.

आईने सर्वांना पोहे दिले, चहा दिला. मुलाच्या आईने तोंड फिरवून घेतला, पण घेतला. खऱ्या आत्यांनी सगळी हकीगत मला दोनदा सांगायला लावली आणि तोंडाला पदर लावून हसल्या. मुलगा दोनदा पोहे घेऊन म्हणाला, "छान झालेत." त्या दिवसभरात तो तेवढंच बोलला, आणि मला तो बरा माणूस वाटला. मध्यस्थ काका बाबांना ऐकवत होते, की अशाने उद्या आपल्याला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. बाबा म्हणाले, "चहा घ्या," आणि तिकीट खिडकीकडे गेले.

ते बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा हातात तिकिटं होती, तळेगावची तीन आणि आत्यांसाठी पुण्याचं एक. दोन्ही हातांनी त्यांनी ती मुलाच्या वडिलांना दिली. "तुमी आमच्यासाठी आले," ते म्हणाले, "रिकामं कसं पाठवाचं?" वडिलांनी क्षणभर तिकिटांकडे पाहिलं, मग बाबांचा हात हातात घेतला. आम्ही आत्यांना इकडून पुण्याच्या आणि बाकीच्यांना पुलापलीकडे जाऊन तळेगावच्या गाडीत बसवून आलो.

परतल्यावर आई भांडी आवरू लागली. बाबा आपल्या खुर्चीत, मागे रेलून, नीट बसले. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक ओळखपत्र काढून माझ्या हातात दिलं, त्यात खडकी ते शिवाजीनगर, म्हणजे नारायण पेठेच्या जवळच्या स्टेशनापर्यंतचा, महिन्याचा पास. ओळखपत्रावर माझा फोटो चिकटवलेला, त्यावर स्टेशनचा शिक्का. तोच फोटो होता. खिडकीवरच्या बाबूंकडून कात्री मागून घेऊन बाबांनी नुसता चेहरा तेवढा कापला होता. उरलेला भाग, साडी, रंगवलेला बगीचा आणि प्लॅस्टिकची कुंडी, त्यांनी आईच्या हातात ठेवला.

"पाह्य," ते तिला म्हणाले, "फोटो वाया नाई गेला."